मराठवाड्यातील न्यायाधीशसंख्येचा प्रश्न

एखाद्या प्रदेशास न्यायाधीश किती असावेत, या प्रश्नाचे उत्तर भारतात दीर्घकाळ लोकसंख्येच्या मापाने शोधले गेले. विधि आयोगाने १९८७ साली आपल्या १२० व्या अहवालात दर दहा लक्ष लोकांमागे १०.५ न्यायाधीश असल्याचे नमूद करून हे प्रमाण ५० पर्यंत नेण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तिला आदेशाचे रूप दिले. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ होती. पहिल्या प्रमाणाने या जिल्ह्यास सुमारे ३५, तर दुसऱ्याने सुमारे १६८ न्यायाधीश लागतात. मात्र लोहा, कंधार वा किनवट येथील माणूस न्यायालयाची पायरी कशासाठी चढतो, हे या दोहोंपैकी कोणताही आकडा सांगत नाही.

आयोगाने २०१४ च्या २४५ व्या अहवालात हे माप बाजूस सारले आणि दाखल होणारे खटले व एक न्यायाधीश वर्षभरात निकालात काढीत असलेले खटले यांच्या तुलनेवर संख्या ठरविण्याची पद्धत पुढे केली. ही पद्धत अधिक शास्त्रीय खरी. तथापि दाखल खटला हेच गरजेचे चिन्ह मानले की जे न्यायालयापर्यंत पोहोचलेच नाही ते हिशेबातून गळते. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० अन्वये कुळांच्या हक्कांचे वाद तहसीलदाराकडे गेले व दिवाणी न्यायालयास ते वर्ज्य झाले. प्रदेशातील एक अत्यंत तीव्र तंटा अशा रीतीने दिवाणी नोंदवहीत उमटलाच नाही.

अंतराचा परिणामही असाच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि अपिलांची वाट हैदराबादऐवजी मुंबईकडे वळली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे खंडपीठाचे काम सुरू झाले ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी. सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था १९८२ साली वैध ठरविली. मधल्या पंचवीस वर्षांतील अपिलांवरून नांदेडच्या पक्षकाराची गरज मोजणे म्हणजे नदीला उतार नाही, तेव्हा पलीकडे कोणासच जायचे नसावे, असे मानण्यासारखे होय.

खुद्द दाखल खटलेही एका वजनाचे नसतात. पूर्वी कंधार तालुक्यात असलेल्या लोहा परिसरात मन्याड नदीवर लिंबोटीचे धरण झाले. अशा प्रकल्पात १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालील एका अधिसूचनेतून वाढीव मोबदल्याचे अनेक दावे निघत; नोंदीत ते स्वतंत्र, परंतु दरासंबंधीचा पुरावा पुष्कळसा सामाईक. उलट वाटणीचा एकच दावा वर्षानुवर्षे चालतो. हैदराबाद संस्थानात १८८० नंतरच्या दशकात फार्सीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. त्यामुळे जुना दस्तऐवज पुराव्यात आला की प्रथम भाषांतर, मग त्या भाषांतरावरील हरकत, आणि त्यानंतर मूळ वाद असा क्रम लागतो. वकालतनामा, मुद्दत, फैसला हे शब्द मराठीत मुरले. त्यांना वाहणारी लिपी मात्र वाचकांअभावी परकी झाली.

२ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती उपाययोजना म्हणून स्वीकारलेली भारित गणना खटल्याच्या प्रकारास वजन देते. दस्तऐवजाची लिपी हा खटल्याचा प्रकार नव्हे.