कॉम्प्रेसरची बेदखली

जुन्या अमेरिकन मोटारी जतन करणाऱ्या हौशी मंडळींत एक प्रघात आता चांगलाच रूढ झाला आहे. वातानुकूलन बंद पडून वर्षानुवर्षे लोटली, त्यातील वायू केव्हाच निसटून गेला, रबरी नळ्या वाळून तडकल्या, आणि तरीही कॉम्प्रेसर नावाचे लोखंडी धूड इंजिनाच्या एका अंगावरील आपला कब्जा सोडीत नाही, असे दिसून आले म्हणजे मालक पाने घेऊन बसतो आणि ते उतरवून टाकतो. वरवर पाहता ही मिस्त्रीकामातील किरकोळ बाब होय. परंतु कोणत्याही वहिवाटीचा शेवट समजून घ्यावयाचा तर तिचा आरंभ पाहावा लागतो, आणि या यंत्राचे पूर्ववृत्त पाहू गेले असता असे आढळते की, ज्या लोखंडाविरुद्ध मालकाची फिर्याद आहे ते या प्रकरणातील मुख्य प्रतिवादी नव्हेच.

१९३९ साली पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४० च्या मॉडेलांसाठी कारखान्याकडूनच बसवून मिळणारे वातानुकूलन जाहीर केले. क्लीव्हलंड येथील बिशप अँड बॅबकॉक कंपनीने बनविलेल्या या यंत्रणेची किंमत २७४ डॉलर होती. हवा गार करणारे वेटोळे मागील आसनाच्या पाठीशी बसविलेले असे आणि डिकीची बरीचशी जागा त्यातच खर्ची पडे. परंतु या योजनेतील खरे वैगुण्य पुढे इंजिनापाशी होते. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन फिरे तोवर त्यालाही फिरावेच लागे. गारवा नकोसा झाला म्हणजे मालकाने गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, बॉनेट उघडून पट्टा हाताने काढून ठेवावा, आणि उन्हाळा आला की तो पुन्हा चढवावा, असा शिरस्ता होता. इतक्या किमतीच्या वस्तूची एवढी तैनात ठेवण्यास गिऱ्हाईक राजी झाले नाही, आणि १९४१ नंतर पॅकार्डने तो नाद सोडला.

महायुद्धानंतर हा प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला. १९५३ साली क्रायस्लरने इम्पीरियल मोटारीत, आणि जनरल मोटर्सने कॅडिलॅक, ब्यूक व ओल्ड्समोबिल यांत वातानुकूलन देऊ केले. तरी त्यातील बराचसा संसार अजून डिकीतच होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५४ साली, नॅश कंपनीने ॲम्बॅसेडर मोटारीत तापवणे, वारा खेळवणे आणि गारवा देणे ही तिन्ही कामे एकत्र करून सगळा पसारा बॉनेटखाली आणि डॅशबोर्डामागे आणून बसविला, व त्यासाठी ३४५ डॉलर आकारले. केल्व्हिनेटर हा शीतकपाटांचा कारखाना याच कंपनीच्या अखत्यारीत असल्यामुळे गारव्याची विद्या तिला घरचीच होती. कॉम्प्रेसरच्या पुलीत विद्युच्चुंबकीय क्लच आला, आणि पट्टा काढण्याघालण्याची यातायात संपून एका बटणावर काम भागू लागले. त्यानंतर या व्यवस्थेचा प्रसार इतक्या वेगाने झाला की, १९६९ सालापर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक मोटारी वातानुकूलित होत्या.

आज जे कॉम्प्रेसर उतरविले जातात ते बहुतांशी या भरभराटीच्या काळातील. त्यांत दोन घराणी विशेष प्रसिद्ध आहेत: फोर्ड, अमेरिकन मोटर्स आदींच्या गाड्यांवर आढळणारा दोन सिलिंडरांचा यॉर्क, आणि जनरल मोटर्सने १९६२ साली प्रचारात आणलेला, सुमारे १६ किलो वजनाचा लांबट ए-६. क्लच आल्यामुळे बंद कॉम्प्रेसर इंजिनाची शक्ती फारशी खात नाही हे खरे. तथापि इंजिन चालू असेतोवर त्याची पुली आपल्या बेअरिंगवर फिरतच राहते, आणि ते बेअरिंग एके दिवशी घरघरू लागून अखेर जाम झाले, तर पट्टा जळतो किंवा तुटतो. स्पार्क प्लगपर्यंत हात न पोहोचणे, पुढच्या चाकांवर नाहक ओझे येणे, या तक्रारी निराळ्याच.

काढण्याचे काम मात्र दिसते तितके सरळ नाही. ज्या बोल्टांनी ब्रॅकेट जखडलेले असते, तेच बोल्ट पुष्कळदा पाण्याच्या पंपासारखा दुसरा एखादा भागही धरून असतात. ब्रॅकेटच्या जाडीइतके ते अधिक लांब असल्यामुळे, ब्रॅकेट गेल्यावर तेच परत पिळले तर भोकाच्या तळाला टेकतात आणि पकड सैल ती सैलच राहते. म्हणून आखूड बोल्ट तरी आणावे लागतात, नाहीतर जाडीची भरपाई वॉशरांनी करावी लागते. काही इंजिनांत ही भोके थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात, आणि आट्यांना सीलंट न लावता बोल्ट बसविला की तेथून पाणी झिरपू लागते. पट्ट्याचा प्रश्नही असाच अवघड असतो. कॉम्प्रेसरचा पट्टा स्वतंत्र असेल तर तो काढून बाजूला ठेवला की झाले. परंतु अल्टरनेटर किंवा पॉवर स्टिअरिंग त्याच पट्ट्यावर चालत असेल, तर निराळ्या लांबीचा पट्टा शोधावा लागतो किंवा कॉम्प्रेसरच्या जागी रिकामी फिरणारी पुली बसवावी लागते.

हे झाले लोखंडाचे. त्याच्या पोटातील वायूची हकिगत याहून गंभीर आहे. आर-१२ हा वायू जनरल मोटर्सच्या पदरी असलेले रसायनज्ञ टॉमस मिज्ली व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांचे फळ. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिज्ली यांनी हा वायू छातीत ओढून घेतला आणि तोच सोडून पेटती मेणबत्ती विझविली. विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, या दोन गोष्टी त्यांनी एकाच उच्छ्वासात सिद्ध केल्या. अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड यांच्या गळतीने धास्तावलेल्या त्या काळाला हा वायू वरदान वाटला यात नवल नाही. पुढे १९७४ साली मोलिना आणि रोलंड या रसायनज्ञांनी दाखवून दिले की, जमिनीलगत कशाशीही संयोग न पावणारा हा वायू उंच वातावरणात गेल्यावर सूर्यकिरणांनी फुटतो, आणि त्यातून सुटा होणारा क्लोरीन ओझोनचा नाश करतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्याच्यावर जप्तीच आणली. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून तो जाणूनबुजून हवेत सोडणे बेकायदा ठरले, १९९५ च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले, आणि भारतासारख्या विकसनशील राष्ट्रांना २०१० पर्यंतची मुदत मिळाली.

यामुळे ज्या यंत्रणेत अद्याप दाब शिल्लक आहे, तिच्या नळ्या पान्याने सोडविण्याचा अधिकार मालकाला उरला नाही. परवानाधारक कारागिराकडून वायू आधी टाकीत काढून घ्यावा लागतो. असा काढलेला वायू शुद्ध करून पुन्हा विकला जातो, आणि ज्यांना आपल्या गाडीतील मूळ व्यवस्था जशीच्या तशी चालवावयाची आहे त्यांचा निर्वाह त्याच साठ्यावर होतो. उतरविलेल्या यॉर्कलाही चाकरी मिळते. त्याच्या बुडाशी तेलाचा स्वतंत्र साठा असल्यामुळे तो साधी हवा दाबण्याच्या कामी येतो, आणि रानावनात जीप हाकणारी मंडळी त्यावर टायर भरून घेतात.

तेव्हा या प्रकरणाचा निवाडा काय द्यावा? लोखंड अवजड खरे, पण ते सदैव डोळ्यांसमोर होते. त्याचा उपद्रव मोजता येत होता, त्याला उतरविता येत होते, आणि उतरविल्यावर दुसऱ्या कामाला जुंपताही येत होते. वायू मात्र निरुपद्रवी म्हणून कोणाच्या हिशेबातच नव्हता. वातावरणात त्याचे आयुष्य सुमारे शंभर वर्षांचे असल्यामुळे, साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या मोटारीतून जो निसटला त्याचा मोठा अंश आजही वर टिकून आहे. आणि मालकाने बॉनेटखालील जागा कितीही मोकळी करून घेतली, तरी त्या वायूला वातावरणातून हुसकावून लावण्याचा हुकूम कोणत्याही पान्याने बजावता येत नाही.