जुन्या छायाचित्रांतील अमेरिकन मोटारींची ओळख व स्थानिक इतिहासाचा कालनिर्णय : सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

छायाचित्र हे आधुनिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. तथापि बखर, दप्तर वा ताम्रपट यांना लावली जाणारी चिकित्सेची कसोटी छायाचित्राला क्वचितच लावली जाते. चित्राच्या मागे कोणी तरी नंतर लिहिलेली ओळ स्मरणिकेत छापली जाते, स्मरणिकेतून ती गौरवग्रंथात जाते आणि कालांतराने तीच प्रमाण ठरते. सोलापूरला १८६० मध्ये लोहमार्ग पोहोचला व १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' म्हणून पुढे ओळखली गेलेली कापड गिरणी स्थापन झाली. गिरणीमालक, सुताचे व्यापारी, वकील व लगतच्या अक्कलकोटसारख्या संस्थानांतील मंडळी यांच्या जुन्या चित्रांत मोटार आढळणे म्हणूनच स्वाभाविक आहे. ही मोटार केवळ वैभवाची खूण नसून कालनिर्णयाचा पुरावा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) छायाचित्रातील मोटारीची घडण ओळखण्याच्या खुणांची मांडणी करणे.
२) अल्पपरिचित अमेरिकन मोटारी ओळखताना येणाऱ्या अडचणी स्पष्ट करणे.
३) या पद्धतीचा स्थानिक इतिहासलेखनातील उपयोग व तिच्या मर्यादा तपासणे.

अमेरिकन मोटारीच का ?

पहिल्या महायुद्धानंतर भारतात आयात होणाऱ्या मोटारींत अमेरिका व कॅनडा येथील मोटारींचे प्राबल्य होते. त्या तुलनेने स्वस्त होत्या व जमिनीपासून उंच असल्याने खडबडीत रस्त्यांवर टिकत. फोर्डच्या कॅनडातील कारखान्यातून ब्रिटिश साम्राज्यातील देशांसाठी उजव्या हाताच्या सुकाणूच्या गाड्या तयार होत. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनेही क्रायस्लर या अमेरिकन कंपनीशी करार करूनच कुर्ल्यात उत्पादनास आरंभ केला.

ओळखीच्या खुणा :

मोटारीचा 'चेहरा' म्हणजे रेडिएटर. फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. १९१६ च्या मॉडेलपर्यंत तिचा रेडिएटर पितळी होता. १९१७ पासून त्याला काळे पोलादी कवच आले. पॅकार्डच्या रेडिएटरचा माथा बैलाच्या जुवासारखा वळणदार असे. हडसनची खूण त्रिकोणी, तर १९१४ च्या अखेरीस बाजारात आलेल्या डॉजची खूण एकमेकांत गुंतलेल्या दोन त्रिकोणांची होती. पिअर्स-ॲरोचे पुढचे दिवे १९१४ च्या सुमारापासून थेट मडगार्डमध्ये बसविलेले दिसतात. अस्पष्ट चित्रातही ही खूण लपत नाही.

दुसरी खूण चाके व ब्रेक यांची. लाकडी आऱ्यांची चाके दीर्घकाळ चालू राहिल्याने त्यांवरून फारसे ठरत नाही. परंतु पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूस ब्रेकचे ड्रम दिसत असतील, तर ती सर्वसामान्य अमेरिकन गाडी १९२४ च्या आधीची असण्याचा संभव फारच थोडा. फोर्डने तर १९२७ च्या अखेरीस 'मॉडेल ए' आणेपर्यंत पुढे ब्रेक दिले नव्हते. तिसरी खूण दिव्यांची. पायरीवर कार्बाईडच्या गॅसचे भांडे असेल, तर गाडी विजेचे दिवे रूढ होण्यापूर्वीच्या घडणीची समजावी.

सुकाणूची बाजू पाहताना काच उलटी ठेवून चित्र छापले गेले नाही ना, हे आधी पाहावे. दुकानाच्या पाटीवरील अक्षरे व पुरुषांच्या कोटाची गुंडी यांवरून ते सहज कळते.

अल्पपरिचित मोटारींचा प्रश्न :

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेत शेकडो कंपन्यांनी मोटारी काढल्या. त्यांतील बहुतेक काही वर्षांतच बुडाल्या. यांतील अनेक कंपन्या इंजिन एकाकडून, आस दुसऱ्याकडून व गिअर तिसऱ्याकडून घेऊन गाडी जुळवीत. त्यामुळे नाव वेगळे पण रूप सारखे, असा प्रकार होतो. अशा वेळी रेडिएटरवरील बिल्ला व चाकाच्या तुंब्यावरील झाकण यांचा आकारच उपयोगी पडतो. तो वाचता येत नसेल, तर 'अमेरिकन, साधारण १९२० ते १९२४' एवढेच विधान करणे शास्त्रशुद्ध होय.

याउलट काही गाड्या वेगळेपणामुळेच फसवितात. फ्रँकलिन मोटारीचे इंजिन हवेने थंड होई. तिला रेडिएटरची गरज नव्हती. तिचे उतरते बॉनेट पाहून ती फ्रेंच रेनॉ असल्याचा समज होऊ शकतो. १९२५ पासून मात्र या कंपनीने केवळ रूढीखातर पुढे दिखाऊ रेडिएटर बसविला. डोळ्यांना दिसणारा पुरावाही चिकित्सेवाचून स्वीकारू नये, याचे हे बोलके उदाहरण आहे.

एसटीपूर्व काळातील 'सर्व्हिस मोटारी' हा आणखी एक प्रश्न. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्यापूर्वी खासगी चालक ट्रकच्या चॅसिसवर स्थानिक सुतारांकडून बॉडी बांधून घेत. अशा गाडीची बॉडी कालनिर्णयास निरुपयोगी ठरते. बॉनेट, रेडिएटर व चाके हीच पाहावी लागतात.

कालनिर्णयातील उपयोग :

सोलापुरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकृष्ण सारडा यांना फाशी देण्यात आली. समजा, 'मार्शल लॉच्या वेळचे' म्हणून दाखविल्या जाणाऱ्या एखाद्या चित्रातील मोटारीवर फोर्डचे 'व्ही-८' हे चिन्ह दिसले. हे इंजिन १९३२ मध्ये बाजारात आले. म्हणजे ते चित्र त्या घटनेचे असूच शकत नाही. शहराच्या स्मृतीशी इतक्या निकट असलेल्या घटनेबाबत चुकीचे चित्र रूढ होणे हा हुतात्म्यांच्या इतिहासावरही अन्याय ठरेल.

मर्यादा :

मोटार ही चित्राची केवळ पूर्वमर्यादा सांगते, उत्तरमर्यादा नव्हे. १९२६ ची गाडी १९४५ मध्येही रस्त्यावर असू शकते. दुसरे, मोटारीजवळ उभा असलेला इसम तिचा मालक असेलच असे नाही. ती पाहुण्याची, भाड्याची वा संस्थानची असू शकते. म्हणून नंबराची पाटी, पोशाख, इमारती, स्टुडिओचा शिक्का व कुटुंबाची कागदपत्रे यांच्याशी मेळ घालूनच निर्णय घ्यावा.

निष्कर्ष :

१) मोटारीच्या घडणीतील खुणा छायाचित्राच्या कालनिर्णयाचे विश्वसनीय साधन आहेत.
२) कंपनीचे नाव निश्चित झाले नाही तरी कालखंड निश्चित करता येतो, आणि इतिहासकारास बहुधा तोच हवा असतो.
३) जुने वाडे पाडले जात असताना त्यांतील चित्रे रद्दीत जातात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ती मूळ शेऱ्यांसह, दोन्ही बाजूंनी जतन करणे आवश्यक आहे.
४) अशा चित्रांत मालकाचे नाव टिकते, सुकाणूवर बसलेला ड्रायव्हर व पायरीवर उभा असलेला क्लीनर मात्र अनामिक राहतात. मोटारीच्या निमित्ताने चित्र बारकाईने पाहिले, तर या श्रमिकांचीही इतिहासात नोंद होऊ शकेल.