परागंदा: केप टाउनला गेलेल्या एका खलाशाचा माग

सभागृहात खेड, दापोली, मंडणगड भागातली बरीच मंडळी दिसतायत, म्हणून सुरुवातीलाच विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात कोणीतरी 'बोटीवर' होतं? हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त हात वर आहेत. आता दुसरा प्रश्न. तो माणूस कोणत्या बोटीवर होता, किती साली होता, हे किती जणांना माहीत आहे? दोन. फक्त दोन हात. या दोन प्रश्नांमधलं जे अंतर आहे, त्यावर मी आज बोलणार आहे.

माझे पणजोबा खलाशी होते. आमच्या घरात त्यांच्याविषयी दोनच वाक्यं सांगितली जात. पहिलं, 'ते केपला गेले.' दुसरं, 'तिथे त्यांनी दुसरं घर केलं.' पणजी गावात राहिली, एक मुलगा वाढवला आणि १९६१ साली गेली. ती गेली तेव्हा गावाच्या लेखी ती टाकलेली बाई होती. विधवाही नव्हती आणि सवाष्णही नव्हती. माझी आत्या तिच्या कुशीत झोपून वाढली. आत्या सांगते की आषाढात समुद्र खवळला की पणजी रात्री उठून बसायची, पण नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही.

मी शोध सुरू केला तो घरातल्याच कागदापासून. सगळ्यांनी तसंच करावं. इंटरनेटवर नाव टाकून काही सापडत नाही, कारण आपल्याकडे नावाचा घोळ फार आहे. आपली आडनावं गावावरून पडलेली. करजीचा तो करजीकर. पण बोटीवरच्या कारकुनाला हे आडनाव लागायचंच नाही. तो माणसाचं नाव लिहायचा, जमलं तर बापाचं नाव लिहायचा आणि गावाच्या जागी नुसतं 'बॉम्बे' किंवा 'रत्नागिरी'. तेही इंग्रजी कानाला जसं ऐकू येईल तसं. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने येतं आणि एकाच नावाची माणसं तर तालुक्यात शेकड्यांनी. तेव्हा माणूस ओळखायचा तो जोडीने: त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव. हे तिन्ही जुळल्याशिवाय 'हाच तो' असं म्हणू नका.

बापाचं नाव आणि साल पक्कं करायला आपल्याकडे तीन जागा आहेत. एक, शाळेचं जनरल रजिस्टर. दुसरी, काझींकडची निकाहाची वही. तिसरी, तहसील कचेरीतला गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. कोतवाल बुक म्हणतात ते हेच. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे नाव आता सगळ्यांना माहीत झालंय. जुनी पानं मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. माझ्या आजोबांचा जन्म मला तिथे सापडला, १९०९ सालचा. याचा अर्थ त्याच्या आधीच्या वर्षी पणजोबा गावात होते. 'गेले ते परत आलेच नाहीत' ही घरातली गोष्ट तिथेच थोडी डळमळली.

मग मी फेरफार काढला. १९२६ ची नोंद आहे. पणजोबांचा जमिनीतला हिस्सा थोरल्या भावाच्या नावावर चढला आणि कारण लिहिलंय, 'खातेदार परागंदा.' खाली थोरल्या भावाचा अंगठा. हा शब्द लक्षात ठेवा. परागंदा, म्हणजे ठावठिकाणा नसलेला.

आता समुद्राकडे वळू. ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी खलाशांना सरकारी कागदांत 'लास्कर' म्हणत. त्यांची भरती एकेकट्याची नसे. सारंग आपली टोळी घेऊन बोटीवर चढायचा आणि त्याच्या हाताखाली तांडेल, खलाशी असत. म्हणून एका बोटीवर एकाच पंचक्रोशीतली माणसं सापडतात. तुमच्या माणसाचं नाव वाचता येत नसेल तर शेजारच्या गावातल्या सारंगाचं नाव शोधा. त्यांचा करारही गोऱ्या खलाशांपेक्षा वेगळा होता: पगार कमी, राहायची जागा कमी आणि नोकरी संपली की हिंदुस्थानातल्याच बंदरात सोडायची अट. ही अट फार महत्त्वाची आहे. परदेशी बंदरात उतरून राहिलेला खलाशी कागदोपत्री बहुधा 'पळालेला' ठरायचा, कारण तिथे रीतसर उतरण्याची वाट त्याला जवळजवळ नव्हतीच.

जहाजांच्या या हजेरीपत्रकांना क्रू लिस्ट म्हणतात. त्यांची विभागणी गमतीची आहे. १८६३ ते १९३८ या काळातल्या सुमारे ७० टक्के क्रू लिस्ट आज कॅनडात आहेत, न्यूफाउंडलंडमधल्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास संग्रहात. पाचने संपणाऱ्या वर्षांच्या बहुतेक लंडनजवळ ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत आणि दहा टक्के नमुना म्हणून क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. मागवताना जहाजाचं नाव पुरत नाही, कारण एका नावाची अनेक जहाजं असत. प्रत्येक जहाजाला अधिकृत क्रमांक असतो, तो लागतो. आणि निराश होण्याचीही तयारी ठेवा. लास्करांची नावं बऱ्याचदा वेगळ्या करारपत्रात असत. मूळ पत्रकावर नुसता आकडा येतो: अमुक लास्कर. माझ्या पणजोबांची क्रू लिस्ट मला आजतागायत मिळालेली नाही. ते मला सापडले ते जमिनीवर, केप टाउनच्या धक्क्यावर उतरल्यानंतर.

केप टाउनच का, असं तुम्ही विचाराल. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या कोकणी मुसलमानांची तिथे जुनी वस्ती आहे. करजी, मोर्बा अशा गावांची माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिथे जाऊ लागली आणि त्यांच्या वंशजांत कोकणी बोली अजून टिकून आहे. १८९९ ते १९०२ बोअर युद्ध चाललं. त्या काळात केप टाउनचं बंदर जहाजांनी भरून गेलं होतं आणि धक्क्यावर हात कमी पडत होते. उतरलेल्या माणसाला काम मिळत होतं. पण १९०२ साली केप वसाहतीने इमिग्रेशनचा कायदा केला. नव्याने येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहिता आला पाहिजे, अशी अट घातली. उर्दू, मराठी, गुजराती येऊन उपयोग नाही. आधीपासून राहणाऱ्यांना सूट होती. १९०६ च्या कायद्याने आणखी एक गाठ मारली: गावी जाऊन परत यायचं तर निघण्यापूर्वी परवाना घ्यायचा. एक पौंड फी. मुदतीत परतला नाहीत तर दार बंद.

हा कायदा जाचक होता, यात शंका नाही. पण त्या जाचानेच आपल्याला कागद दिले. प्रत्येक परवान्यासाठी अर्ज, फोटो, अंगठ्याचे ठसे. केप टाउनच्या अभिलेखागारात अशा हजारो फाईली आहेत. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी त्यांच्यावर फार मोलाचं काम केलंय. त्या गांधीजींच्या पणती, पण त्यांनी पुढाऱ्यांऐवजी या साध्या कामगारांच्या फाईली वाचल्या. त्यांचं लेखन वाचूनच मला कळलं की कुठे शोधायचं.

माझ्या पणजोबांची फाईल हातात आली तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा पाहिला. आमच्या घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. तिशीचा माणूस, डोक्यावर टोपी, अंगात कोणाचा तरी उसना वाटावा असा कोट, आणि कान अगदी माझ्या वडिलांचे. बापाचं नाव जुळलं. गावाचं नाव वेडंवाकडं, पण जुळलं. जबानीत लिहिलंय: १९०१ साली बोटीवरून आलो, धक्क्यावर कोळसा भरतो. १९०८ साली गावी जायचा परवाना. १९१० साली मुदतीच्या आत परत. म्हणजे आजोबा वर्षाचे असताना ते गेले, आणि गेले नसते तर परतीचं दार बंद झालं असतं.

फाईल इथे संपत नाही. पुढचा भाग कळायला १९१३ साल समजून घ्यावं लागतं. त्या वर्षी मार्चमध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे बाई मरियम या स्त्रीचा खटला आला. तिचा नवरा पोर्ट एलिझाबेथला राहणारा. ती हिंदुस्थानातून आली आणि तिला उतरू दिलं नाही. निकाल असा लागला की ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करता येतात, त्या धर्माच्या रीतीने लागलेलं लग्न या देशात लग्नच नव्हे. म्हणजे एका निकालाने तिथल्या हिंदू आणि मुसलमान बायका कायद्यापुढे 'बायका' राहिल्या नाहीत. त्याच वर्षीच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या, त्यामागचं हे एक मोठं कारण. १९१४ च्या इंडियन्स रिलीफ कायद्याने तडजोड झाली: एक बायको आणि अज्ञान मुलं आणता येतील. एकच.

आता फाईलमधलं १९१७ सालचं पत्र. इंग्रजीत, दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेलं, खाली पणजोबांचा अंगठा. माझी बायको आणि मुलगा गावी आहेत, त्यांना आणायची परवानगी मिळावी. ज्या माणसाने 'दुसरं घर केलं' म्हणून आमची पणजी खाली मान घालून जगली, तो माणूस तिलाच बोलावत होता! कचेरीचं उत्तर आलं: हीच एकमेव बायको आहे आणि मुलगा हिचाच आहे, असा हिंदुस्थानातल्या मॅजिस्ट्रेटचा दाखला आणा. दाखला येतो, १९१८ च्या उन्हाळ्यात. सोबत गावातल्या चौकशीचा कागद जोडलाय. पोलीस पाटलाची जबानी आणि थोरल्या भावाची जबानी, त्याच्या अंगठ्यासह.

तोच माणूस, ज्याने आठ वर्षांनी 'परागंदा' म्हणून अंगठा दिला.

यानंतरचा कागद वेगळ्या मालिकेतला आहे. दक्षिण आफ्रिकेत माणूस गेला की 'डेथ नोटिस' नावाचा फॉर्म भरला जाई. वंशावळ शोधणाऱ्याला यापेक्षा मोठं घबाड नाही: नाव, जन्मगाव, आईबापांची नावं, वय, बायको, मुलं, मालमत्ता, सगळं एका पानावर. माझ्या पणजोबांची नोटिस ऑक्टोबर १९१८ ची आहे. सप्टेंबरात सैनिकी कामगारांना घेऊन आलेल्या बोटींबरोबर इन्फ्लुएन्झा केप टाउनात शिरला. काही आठवड्यांत त्या देशात सुमारे तीन लाख माणसं गेली. तिथे त्याला 'काळा ऑक्टोबर' म्हणतात. पणजोबा वयाच्या चाळिशीत, एका खोलीत चौघं राहायचे तिथे गेले. माहिती देणारा खोलीतला सोबती, आपल्याच भागातला. बायकोच्या रकान्यात पणजीचं नाव. मुलांच्या रकान्यात एकच नाव, माझ्या आजोबांचं. मालमत्ता म्हणजे एक पेटी, कपडे आणि थोडी पोस्टातली शिल्लक. दुसरं घर कुठेच नाही.

आता अवघड भाग. थोरल्या पणजोबांचे वंशज आमच्या शेजारी राहतात. सणाला येणंजाणं आहे, अडीनडीला तेच धावून येतात. हा कागद घेऊन मी सहा महिने गप्प बसलो. त्या थोरल्या भावावर मी सरळ आरोप ठेवत नाही. १९१८ च्या त्या हिवाळ्यात आमच्या गावचं कोतवाल बुकही मृत्यूंनी भरलंय. एकेका घरातून दोन-दोन मयती. त्यात केपहून पत्रं थांबली, शेत कसणारा माणूस एकच, सारा भरायचा कोणी? जमीन सांभाळली म्हणून आमचे आजोबाही जेवले. पण एवढं खरं, की भावाने बायकोला बोलावलंय हे त्यांना माहीत होतं, आणि ते तिला कळलं नाही. कळलं असतं तर 'दुसरं घर' हे वाक्य आमच्या घरात चाळीस वर्षं टिकलं नसतं.

शेवटी मी दोन्ही घरांना एकत्र बसवून फाईल वाचून दाखवली. शेजारच्या काकांनी तो अंगठा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, 'आमच्या आजाने चूक केली.' जमिनीचा विषय कोणीच काढला नाही. आत्या सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, 'हे तिला सांगायला हवं होतं.' मग फातिहा झाला, पणजोबांच्या नावाने, आमच्या घरात पहिल्यांदा.

मित्रहो, वंशावळ म्हणजे पूर्वज किती थोर होते याची यादी नव्हे. पुष्कळदा ती घरातल्या एखाद्या बाईवर झालेल्या अन्यायाची उशिरा झालेली सुनावणी असते. म्हणून जाता जाता तीन कामं सांगतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला या आठवड्यातच विचारा आणि त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पत्र्याच्या पेटीतले जुने दाखले, परवाने, मनीऑर्डरच्या पावत्या फेकू नका. आणि ज्यांचा माणूस महायुद्धात बोटीसकट गेला असेल, त्यांनी मुंबईत मशीद बंदरच्या खलाशांच्या घरात, इंडियन सेलर्स होममध्ये, जाऊन या. ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही, त्यांची पहिल्या महायुद्धातली दोन हजारांहून जास्त नावं तिथल्या स्मारकावर आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांची वेगळी यादी आहे. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर ती घरबसल्या शोधता येतात, आणि कधी कधी बापाचं नाव आणि गावही मिळतं.

त्यातलं एखादं नाव कदाचित तुमच्या घरी 'परागंदा' म्हणून लिहिलेलं असेल.