हळदीचा पुरावा

हळदीतलं कर्क्युमिन अँटिऑक्सिडंट आहे, असं प्रयोगशाळेनं सांगितल्यावर आपल्याला हळदीचं कौतुक वाटू लागलं! असो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेनं जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं. न्यायदर्शनात आप्ताचा शब्द प्रमाण. तिथे मात्र आजीचा शब्द चालेना. परदेशातला नुसता वापर तेव्हा त्यांचा कायदा धरतच नव्हता, छापील कागद हवा. संस्कृत ग्रंथातले उल्लेख आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढे केला, तेव्हा कुठे १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपल्या उधव्यातल्या घरांत तोंडी चालत आलेलं, कुठेच न लिहिलेलं ज्ञान त्या कायद्यापुढे टिकलंच नसतं.