वसईचा कोट व मेणवलीची घंटा

१५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे आलेली वसई चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं जिंकली. तेव्हां आमच्या देवळांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. त्यांपैकीं १७०७ सालची एक आम्ही वाईजवळ मेणवलीच्या घाटावर पाहिली. तिजवर बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृति आहे. तेथून परतून आम्ही वसईच्या कोटांत गेलों. फ्रान्सिस्कन मठाच्या भग्न देवळांतील थडग्यांचीं अक्षरें पावलांखालीं झिजत आहेत. दूरची घंटा अन्यधर्मीयांनीं आदरानें जपली. घरचे शिलालेख आम्हीच तुडवितों! नागासाकी येथें १५९७ सालीं क्रुसावर प्राण वेंचणारे संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. म्हणून, बंधुभगिनींनो, मुलांस कोटांत न्याल तेव्हां शिदोरी सोडण्यापूर्वीं एक तरी थडगें त्यांस वाचून दाखवा.