चाळीसगावची टेलिफोनखरेदी

मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील ज्या जंक्शनातून १९०० साली धुळ्याकडे फाटा निघाला, त्या चाळीसगावच्या पेठेत टेलिफोनची निवड हा प्रकारच दीर्घकाळ अस्तित्वात नव्हता. कचेरीत दरखास्त द्यावी, अनामत भरावी, मंजुरीची वाट पाहावी आणि सरकारी खाते देईल ते काळे यंत्र मुकाट्याने पत्करावे, एवढाच काय तो ग्राहकाचा अधिकार. २००३ च्या मे महिन्यात मोबाइलवर येणाऱ्या कॉलचे शुल्क संपले, त्याच वर्षी नोकिया ११०० अवतरला, आणि भारनियमनाने गांजलेल्या खानदेशात ‘सी’ ही कळ दाबून धरताच पेटणारी त्याची विजेरी व धुळीला मज्जाव करणारा अखंड रबरी कळफलक हे गुण, रात्री पिकाला पाणी देणाऱ्या कास्तकाराच्या दृष्टीने, साऱ्या शोभेहून श्रेष्ठ ठरावेत हे स्वाभाविकच होते. २०१७ साली जिओफोन आला तो पंधराशे रुपयांच्या अनामतीवर. ती परत मिळणारी होती, पण रीत जुनीच!

आता स्मार्टफोनची पारख कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवरून होते, आणि तीही त्या गावात, जिथे केकी मूस यांनी वर्षानुवर्षे घराबाहेर न पडता, मेजावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून निसर्गदृश्यांचा आभास निर्माण करणारी छायाचित्रे घेतली. खरेदीदाराने प्रथम आपल्या शिवारात कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहावे, मग बॅटरी व दुरुस्तीची सोय, आणि कॅमेऱ्याचे आकडे ऐपत उरल्यास.