पडद्यासमोरचं पद

कोल्हापूरकर ज्याला थोरला दवाखाना म्हणतात, ते सीपीआर रुग्णालय संस्थानकाळात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. त्या काळात भुलीसाठी क्लोरोफॉर्म सर्रास वापरात होतं आणि भूल दिलेल्या रुग्णाचं नेमकं काय पाहायचं, यावर डॉक्टरांत कडाक्याचा वाद होता. निजामाच्या पैशातून १८८९ साली काम केलेल्या दुसऱ्या हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगाने ठामपणे सांगितलं, की श्वासावर नजर ठेवा, नाडीवर विसंबू नका. पुढे १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवलं, की हलक्या भुलीतही हृदय अचानक बंद पडू शकतं. पाहणारा माणूस होता. पण काय पाहायचं याचं शिक्षणच अपुरं होतं. माझ्या मते, मणक्याच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांबाबत आज आपण तीच चूक वेगळ्या रीतीने करू शकतो: पाहण्याचं यंत्र घेऊ, पण ते वाचणारा तयार माणूस नेमणार नाही.

मणका सरळ करताना मज्जारज्जूला इजा झाली का, हे पाहण्यासाठी फ्रान्समधल्या स्टान्यारा यांच्या गटाने १९७३ मध्ये रुग्णाला मध्येच जागं करून पाय हलवायला लावण्याची रीत मांडली. त्यातून कळायचं ते त्या एका क्षणापुरतं. नंतर घोट्याजवळच्या नसेला हलका विद्युतझटका देऊन डोक्यावर उमटणारी लहर सतत टिपता येऊ लागली. ती लहर निम्म्याने खाली आली, की धोक्याची खूण. पण घसरण मज्जारज्जूवरच्या ताणाने झाली, रक्तदाब उतरल्याने, भुलीचा वायू वाढल्याने, की लहर टिपणारी सुई सैल झाल्याने? हे काही मिनिटांत ओळखायला तयार माणूसच लागतो. न्यूवर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ५१,२६३ शस्त्रक्रियांची पाहणी छापली. तीत अनुभवी निरीक्षकांच्या गटांकडे मज्जातंतूंची इजा नवख्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होती.

लहरी दिसणारा पडदा शल्यचिकित्सकानेच पाहावा, असं कुणी म्हणेल. पण त्याची नजर जखमेत हवी, भूलतज्ज्ञाची श्वास आणि रक्तदाबावर. जिल्ह्याच्या गावी असा माणूस परवडेल का, हा प्रश्न खरा आहे. त्यावर इंटरनेटवरून दूरच्या तज्ज्ञाने लहरी वाचाव्यात, ही तोड निम्मी चालते. सुया टोचायला, निसटलेली तार शोधायला माणूस कोल्हापुरातच हवा. ईईजी काढणाऱ्या तंत्रज्ञाला पुढचं शिक्षण देऊन, जाणत्यांच्या हाताखाली पुरेशा शस्त्रक्रिया करून घेऊन ही जागा भरता येईल. त्यासाठी लहरी टिपणाऱ्या यंत्राची निविदा निघण्याआधी सीपीआरच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, निरीक्षकाचं हे पद मंजूर झालं पाहिजे, तेही कायमस्वरूपी.